बरा झालेला पेशंट कोणाच्या खात्यात?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर क्षयरोगाचा पेशंट सापडला, तर पुढे काय करायचं हे ठरलेलं आहे. 'निक्षय' पोर्टलवर त्याची नोंद होते. औषधं गावात मिळतात. एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी त्याच्या बँक खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. गोळ्या संपल्यावरही पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी त्याची चौकशी करावी, असं कार्यक्रमाची मार्गदर्शिका सांगते. यात गळती आहे, पैसे थकतात, माणसं कमी पडतात, हे सगळं मान्य. पण काम झालं नाही तर जाब कोणाला विचारायचा, एवढं तरी स्पष्ट असतं.

त्याच पाड्यावरच्या दुसऱ्या घरात तोंडाच्या कॅन्सरमधून उठलेला माणूस असतो. महात्मा फुले योजनेतून त्याचं ऑपरेशन झालेलं असतं, सहा आठवडे शेक (रेडिएशन) झालेले असतात, कदाचित किमोच्या सलाईनही. सरकारने त्याच्यावर लाखभर किंवा जास्तच खर्च केलेला असतो. मग डिस्चार्ज कार्ड हातात पडतं, त्यावर इंग्रजीत पुढची तारीख असते आणि तो एसटीने घरी येतो. त्या दिवसापासून तो आरोग्य खात्यातल्या कोणाच्याही रोजच्या कामाचा भाग उरत नाही. आजारी होता तोवर निदान त्याचा क्लेम तरी चालू होता.

कॅन्सरनंतरची पहिली पाच वर्षं उपचाराचाच भाग धरावीत आणि त्यांची जबाबदारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयावर, नेमून दिलेल्या माणसावर टाकावी, असं माझं म्हणणं आहे. नाशिक शहरात रेडिएशनचं आणखी एक यंत्र आणण्याआधी हे व्हायला हवं. हा दयेचा मुद्दा नाही. गावात कॅन्सर वेळेवर सापडावा अशी इच्छा असेल तर त्याचीही वाट इथूनच जाते, त्याकडे मी पुढे येतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे पेशंट आढळतात आणि ९ लाखांवर मृत्यू होतात. हे दोन आकडे भाषणांत येतात. तिसरा क्वचितच येतो: मागच्या पाच वर्षांत निदान होऊन हयात असलेले लोक सुमारे ३२ लाख. त्यातले काही अजून उपचार घेत असतील, पण फार मोठी संख्या घरी परतून काहीतरी काम करू पाहणाऱ्यांची आहे. त्यांच्यासाठी कोणी शिबिर भरवत नाही. चार फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनी, फुगे सोडतात, तेही तपासणीच्या आवाहनाचे.

हातावर पोट असलेल्या माणसाला 'बरा झालास' म्हणजे काय, हे त्याच्या कामावरून ठरतं. तोंडाच्या कॅन्सरचंच घ्या. तंबाखू-चुना आणि मशेरी लावण्याची सवय आपल्या भागात किती खोल आहे हे सांगायला नको. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. जबड्याचा तुकडा काढतात, छातीचं मांस वर घेऊन गालाला लावतात, मग शेक. त्यानंतर लाळ सुटेनाशी होते, कोरडी भाकरी गिळता येत नाही आणि तोंड हळूहळू आवळत जातं. दोन बोटं जाईनाशी झाली की जेवण पातळावर येतं आणि वजन उतरतं. याला उपाय आहे आणि तो हास्यास्पद वाटावा इतका स्वस्त आहे. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. पण हा व्यायाम दिवसातून अनेक वेळा, कित्येक महिने करायचा असतो, आणि दुखत असताना तो चालू ठेवायला कोणीतरी मागे लागावं लागतं. हे मागे लागणं शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून होत नाही. ते गावातल्याच माणसाने करायचं काम आहे.

आहाराचा कागद हा आणखी एक नमुना. प्रोटीन पावडर, सूप, फळांचे रस. पेठच्या माणसाला हा कागद देण्याऐवजी नागलीची आंबील, उडदाचं पातळ वरण, भाजलेल्या शेंगदाण्यांचं बारीक कूट घातलेली तांदळाची पेज असं सांगितलं तर तो आजपासून सुरुवात करील. (द्राक्षांच्या जिल्ह्यात द्राक्षं तोडणाऱ्या मजुरालाच 'फळं खा' असा सल्ला मिळतो, याची गंमत वाटून घ्यावी की राग यावा, ठरत नाही.)

दोन गोष्टी अशा आहेत की त्या माहीत नसल्याने माणूस पुन्हा आजारी पडतो. जबड्याला शेक दिल्यावर दात उपटला तर जखम न भरता हाड कुजू शकतं. म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन दात काढून घेण्याआधी शेक झाल्याचं सांगावं लागतं. मानेला शेक दिलेल्यांची थायरॉईड ग्रंथी पुढे काही महिन्यांनी, वर्षांनी मंद पडू शकते. माणूस सुस्तावतो, अंगात त्राण राहत नाही, घरचे म्हणतात कॅन्सरने खाल्लं. रक्ताची एक साधी तपासणी आणि रोजची एक स्वस्त गोळी यावर भागतं. ती तपासणी सहा-बारा महिन्यांनी कोणी करायची? ज्याने शेक दिले तो शंभर-दोनशे किलोमीटरवर, आणि गावच्या डॉक्टरच्या हातात माहितीच नाही.

बायकांचं आणखी वेगळं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूचा हात सुजण्याचा धोका पुढे कायम राहतो, कधीकधी वर्षांनंतरही हात फुगतो. त्या हाताला जखम होऊ देऊ नका, जड उचलू नका, असं सांगून घरी पाठवतात. आता ही बाई निफाडला किंवा दिंडोरीला द्राक्षबागेत जाते. मांडव डोक्याच्या उंचीवर. विरळणी असो, डिपिंग (घड औषधात बुडवणं) असो, छाटणी असो, दिवसभर हात वर, हातात कात्री, अंगावर औषधाचा फवारा, आणि तोडणीच्या वेळी डोक्यावर क्रेट. तिने काय करायचं? काम सोडायचं तर घर चालत नाही. काम करायचं तर हात राहत नाही. दाबाची घट्ट बाही मिळाली, मालिश शिकवली, मुकादमाला सांगून बसून करायच्या पॅकिंगच्या कामावर घेतलं, तर मधला रस्ता निघतो. ती बाहीसुद्धा काही महिन्यांत ढिली पडते आणि नवी घ्यावी लागते. ऑपरेशनला योजना पैसे देते. बाहीचं काय, हे बाईला सांगायलाही कोणी नसतं.

याच बायकांपैकी अनेकींना पाच-पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त, आजार उलटू नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची असते. गोळी महाग नाही. पण दुखत-खुपत नसताना रोज गोळी कशाला, हा प्रश्न कोणालाही पडेल, आणि दिवाळीनंतर घरदार घेऊन बागेवर राहायला गेलेल्या कुटुंबाला तर ती संपल्यावर आणणार कोण? गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर शेक झालेल्या बायकांना लघवीचे, आतड्याचे, आणि नवरा-बायकोच्या संबंधांतले जे त्रास होतात त्याबद्दल गर्दीच्या ओपीडीत बोलणं होतच नाही. तेवढी मोकळीक एखाद्या नर्सपाशीच मिळते, तीही इथल्या आदिवासींची कोकणी बोली बोलणारी असली तर.

मालेगावचा प्रश्न याहून निराळा आहे. तिथे यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचं स्वरयंत्र काढलं तर तो मानेच्या भोकातून श्वास घेतो. नाकातून जाणारी हवा गाळली जाते, ओलसर होते. या भोकाला तसं काही नाही. त्यात कारखान्यात कापसाचे बारीक तंतू उडत असतात. भोकावर ओलं फडकं किंवा गाळणी लावायला हवी, आंघोळीला जपायला हवं, आणि बोलायचं तर श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची झडप किंवा गळ्याला लावायचं यंत्र हवं. परदेशी झडप हजारोंच्या घरात जाते. बंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी झडप सुमारे ५० रुपयांत तयार करून दाखवली, याला आता बरीच वर्षं झाली. म्हणजे किंमत ही अडचण उरलेली नाही. झडप बदलायला, गळती लागली तर बघायला आणि उर्दूत समजावून बोलायला शिकवणारा माणूस मालेगावातच असणं, ही अडचण आहे.

यावर सरकारी उत्तर असं असतं की योजना आहेतच. आहेत, आणि त्या वाचण्यासारख्याही आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दुर्धर आजाराने चरितार्थ चालवता न येणाऱ्यांमध्ये कर्करोगाचं नाव आहे. महिन्याला १५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत. घरातल्या एकाने एक हंगाम बागेत काम केलं की हे कुटुंब अपात्र. मग एकतर खोटा दाखला काढा, नाहीतर सोडून द्या. गरिबाला खोटं बोलायला लावणारी अट ठेवायची आणि नंतर अपात्र लाभार्थी शोधायच्या मोहिमा काढायच्या, हा आपल्या प्रशासनाचा जुना छंद आहे.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे आणि वाचा-भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्याने आलेल्या कायमच्या अडचणीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मालेगावच्या त्या कामगाराला प्रमाणपत्राचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. त्याला हे सांगायचं कोणी? ऑपरेशन करणारा सर्जन सांगत नाही, ते त्याचं काम नाही. गावातल्या सेवकाला कायदा माहीत नाही. आणि जिची अडचण व्याख्येत ठळकपणे बसत नाही, त्या सुजलेल्या हाताच्या बाईला वैद्यकीय बोर्डासमोर जाऊन दिव्यांगत्वाचे टक्के मागणंच अवघड. चाळीस टक्क्यांच्या खाली बहुतेक सवलती नाहीत.

प्रवासाचंही तेच. रेल्वेत कर्करुग्णाला शयनयान आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के, आणि ती फॉलोअपच्या तपासणीलाही लागू आहे. फार चांगली सवलत. फक्त पेठ, सुरगाणा आणि कळवणला रेल्वे नाही. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा खरा उपयोग होतो हे मान्यच करायला हवं. पण तिकिटापेक्षा मोठा खर्च बुडालेल्या मजुरीचा असतो, तोही दोघांच्या. सुरगाण्याहून नाशिक नव्वदेक किलोमीटर, मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं तर पुढे आणखी पावणेदोनशे. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर रात्रीची सोय होते, नाहीतर फुटपाथ. फॉलोअपची तारीख द्राक्षांच्या गोडी (फळांसाठीच्या) छाटणीत किंवा ऐन तोडणीत आली की ती चुकते. आणि एक तारीख चुकली की पुढच्या वेळी डॉक्टर ओरडतील या भीतीने दुसरीही चुकते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिल्या दोन वर्षांतच तो उलटण्याचा धोका सर्वात जास्त असतो, म्हणून त्या काळात तपासण्याही जवळजवळ असतात. म्हणजे जेव्हा जायची सर्वात जास्त गरज, तेव्हाच माणूस सर्वात जास्त कर्जात.

आता तो मुद्दा, जो मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा वाटतो. तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी व्हावी असं सरकारचं धोरण आहे. आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात, तोंडात न भरणारी जखम आहे का, स्तनात गाठ आहे का, असं विचारतात. लोक 'नाही' म्हणतात. आपण याला अज्ञान म्हणतो आणि जनजागृतीचे फलक लावतो. मला ते अज्ञान वाटत नाही. गावाने कॅन्सर झालेली माणसं पाहिलेली असतात. एक शेत गहाण टाकून गेला आणि मेला. दुसरा वाचला, पण आता ओट्यावर बसून असतो, त्याच्या तोंडातून पाणी गळतं, त्याच्या ताटात कोणी जेवत नाही, पोरीच्या सोयरिकीला पाहुणे बिचकतात. तिसरी वाचली, तर नवऱ्याने दुसरी केली. हे पाहिलेल्या माणसाने गाठ लपवली तर त्याने हिशेब करूनच लपवली. सापडून काय मिळतं, याचं उत्तर फलकावर नसतं. ते त्या ओट्यावर बसलेल्या माणसात दिसतं.

म्हणून त्या माणसाला खाता येणं, बोलता येणं, झेपेल ते काम मिळणं हीच तपासणीची मोहीम आहे. शेक घेतलेली बाई पुढच्या हंगामात पॅकिंगला बसलेली दिसली की तिच्या शेजारणी आपली गाठ दाखवायला येतील. कुठल्याही व्हॅनने आणि पथनाट्याने हे होणार नाही.

आक्षेप मला माहीत आहे, आणि तो हलका नाही. ज्यांचं अजून निदानच झालेलं नाही, ज्यांना शेकासाठी नंबर लागत नाही, त्यांच्या आधी वाचलेल्यांवर पैसे का घालायचे? पैसा मोजका आहे तर जीव आधी. हे मला पटलं असतं, जर दोन्ही खर्च एकाच तोलाचे असते. रेडिएशनचं यंत्र कोट्यवधींचं. त्याच्या शेजारी लाकडी काड्या, थायरॉईडची तपासणी, बाही, आंबील आणि एका नर्सचा वेळ यांचा खर्च नोंदवायला वेगळा रकानासुद्धा लागणार नाही. शिवाय सरकारने एका माणसामागे आधीच लाखभर घातलेले असतात. पाठपुराव्याअभावी तो पुन्हा उलटलेल्या आजारासह परत आला तर त्याच योजनेतून दुप्पट जातात, आणि बऱ्याचदा माणूसही.

दुसरा आक्षेप कुटुंबाचा: आपल्याकडे घरचे करतात. करतात, बहुतेकदा घरातली एक बाई करते, तिची मजुरी बुडवून. तिला काय करायचं ते शिकवणं एवढं तरी यंत्रणेने करावं. केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचं (गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या सेवेचं) धोरण आणलं, तेव्हा घरी जाऊन काळजी घेण्याचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांच्या हाती दिलं. तिथेही घरचेच करतात, पण नर्स दारात येते. आपल्या ग्रामपंचायती पेव्हर ब्लॉक बसवण्यात इतक्या तरबेज झाल्या आहेत की एखाद्या वर्षी जरा वेगळं काही करायला हरकत नाही.

वेळही बरी आहे. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कॅन्सरची डे केअर केंद्रं उघडायचं जाहीर झालं. राज्यानेही २०२५ मध्ये त्रिस्तरीय कर्करोग सेवेचं धोरण मंजूर केलं. अशा केंद्राचा विचार सुरू झाला की चर्चा खाटा किती आणि किमोच्या खुर्च्या किती, यावर अडकते. तिथे एक फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्याशी बांधलेला दिवस, आणि बऱ्या झालेल्यांची तालुकावार वही, हे सुरुवातीच्या आराखड्यातच लिहिलं गेलं पाहिजे, कारण नंतर जोडलेली गोष्ट आपल्याकडे कायम 'प्रस्तावित' राहते. फुले योजनेत काही उपचारांसाठी फॉलोअपची पॅकेजेस आहेत, म्हणजे तत्त्व मान्य आहे. त्यात पुनर्वसनाच्या वस्तू घालाव्यात आणि ग्रामीण रुग्णालयालाही ते पॅकेज घेता यावं. निराधार योजनेची २१ हजारांची मर्यादा कॅन्सरच्या बाबतीत पाच वर्षांसाठी बाजूला ठेवावी. रोजगार हमीच्या कामावर पाणी देणं, मुलं सांभाळणं अशी हलकी कामं असतात, त्यात या लोकांना आधी घ्यावं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे आणि प्रकल्प कार्यालय कळवणला, तेव्हा पैशाची मागणी करायला मंत्रालयापर्यंत जायची गरज नाही.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ मध्ये सुचवलं होतं की उपचार संपल्यावर प्रत्येकाला काय उपचार झाले आणि पुढे काय पाहायचं याचा लेखी गोषवारा द्यावा. आपल्याला तो मराठीत हवा, मालेगावसाठी उर्दूतही, एका पानात. वर ठळक: शेक कुठे दिले, दात काढण्याआधी कोणाला विचारायचं, कोणता हात जपायचा, कोणती तपासणी कोणत्या महिन्यात. निफाडच्या बागेवर राहायला गेलेल्या माणसाने तो पिंपळगावच्या डॉक्टरला दाखवला तरी काम भागावं.

आणि पेशंट शोधायला सर्वेक्षण करावं लागणार नाही. फुले योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, प्रत्येक क्लेमला रेशनकार्ड आणि पत्ता जोडलेला असतो. मागच्या पाच वर्षांतले कर्करोगाचे क्लेम तालुकावार वेगळे काढले, त्यातली पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर आणि मालेगावची यादी तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांकडे पाठवली, आणि महिन्याभरात यातल्या प्रत्येकाला एकदा भेटून या असं सांगितलं, तर सुरुवात होते. त्याला निधी लागत नाही, फक्त एका पत्रावर सही लागते.